पुसलेल्या टेप आणि पिंक फ्लॉइडची पहिली वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडवरचा लेख आवडला. मात्र १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’आधीची सगळी वर्षे ‘उमेदवारीचा काळ’ म्हणून दोन वाक्यांत गुंडाळली आहेत, ते पटले नाही. हा अल्बमसुद्धा आधी रंगमंचावरच घडला. जानेवारी १९७२ पासून बँड तो गावोगावी वाजवत होता. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या कार्यक्रमाचे कुणीतरी चोरून ध्वनिमुद्रण केले आणि त्याची तबकडी अधिकृत अल्बमच्या आधीच विकली जाऊ लागली. तिच्यात अल्बममधल्या ‘ऑन द रन’ या तुकड्यातले सिंथेसायझरचे गरगरणे नाही. त्या जागी गिटार आणि इलेक्ट्रिक पियानोची मोकळी जुगलबंदी आहे.

त्याहून मागे, बँडचा सुरुवातीचा गिटारवादक-गायक सिड बॅरेटच्या काळात गेलात तर बँड ओळखूच येत नाही. ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ १९६७ च्या पहिल्या अल्बमवर दहा मिनिटांच्या आत संपते. त्याच वर्षी जानेवारीत पीटर व्हाइटहेडच्या माहितीपटासाठी वाजवलेले तेच गाणे जवळजवळ सतरा मिनिटे चालते. बॅरेट तारांवरून सिगारेट लायटर घासत नेतो, बिन्सनचे इटालियन एको-यंत्र तो आवाज पुन्हापुन्हा परत फेकते, आणि मूळ धून कुठे हरवली हे ऐकणाऱ्याला कळेनासे होते. हे तयारीचे संगीत म्हणता येणार नाही. ते पूर्णपणे वेगळे संगीत आहे आणि १९६८ मध्ये बॅरेट बाहेर पडल्यावर तसे पुन्हा झाले नाही.

त्याचे पुरावे मात्र नशिबानेच उरले. जुलै १९६७ मध्ये बँड ‘सी एमिली प्ले’ हे गाणे घेऊन बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमामध्ये तीनदा झळकला. त्या काळी व्हिडिओ टेप महाग, म्हणून बीबीसी पुसून पुन्हा वापरत असे. हेही असेच गेले. त्यातल्या एका दिवसाची खराब झालेली प्रत एका खासगी संग्रहात निघाली आणि २०१० मध्ये लंडनला लोकांना दाखवली गेली. उलट मे १९६७ मधला दुसरा एक कार्यक्रम मात्र शाबूत आहे, ज्यात संगीत समीक्षक हान्स केलर ‘इतके कर्कश कशासाठी?’ अशा सुरात बँडचा बासवादक रॉजर वॉटर्स आणि बॅरेटला जाब विचारतात! लोकांनी डोक्यावर घेतलेले गाणे पुसले आणि नाक मुरडणारा समीक्षक जपला. (बॅरेट उत्तरे अगदी शांतपणे आणि नीट देतो, हेही पाहण्यासारखे.)

सप्टेंबर १९६७ चा स्टॉकहोमचा कार्यक्रम अँडर्स लिंड या स्वीडिश माणसाने टेप केला म्हणून वाचला. त्यात गायन जवळपास ऐकूच येत नाही, पण गिटार स्वच्छ आहे. ‘स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम’ हे गाणे त्यात आहे, जे अधिकृतपणे २०१६ च्या ‘द अर्ली इयर्स’ संचापर्यंत निघालेच नव्हते. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा याच बँडने बीबीसीच्या स्टुडिओत उत्स्फूर्तपणे काहीतरी वाजवले. तेही घरी रेडिओ-टीव्हीसमोर टेप लावून बसणाऱ्यांच्या कृपेने कानावर पडते. खासगी मैफलींचे स्पूल जपणाऱ्या आपल्याकडच्या रसिकांना हे लोक परके वाटू नयेत.

२०२१ आणि २०२२ च्या डिसेंबरात १९७०-७२ मधले कितीतरी कार्यक्रम गाजावाजा न करता स्ट्रीमिंगवर आले. युरोपात पन्नास वर्षे अप्रकाशित राहिलेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क संपतो, म्हणून ही घाई असे बोलले जाते. कारण काही असो, माल चांगला आहे, जरी काही ठिकाणी आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.

नव्या वाचकाने सुरुवात १७ सप्टेंबर १९६९ च्या ॲमस्टरडॅमच्या कार्यक्रमापासून करावी. तो डच रेडिओने प्रसारित केला होता, त्यामुळे आवाज बरा आहे. पुरवणीत जागा असेल तर या ध्वनिमुद्रणांवर स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. ‘डार्क साइड’वर पुन्हा एक नको.

– एक वाचक, डोंबिवली