विषय: नवा म्हणून बसवलेला इसीएम (इंजिनचा कम्प्युटर) दुसऱ्या गाडीचा निघाला, माझा जुना इसीएम परत द्या आणि लेखी खुलासा करा

दि. २९ सप्टेंबर २०२५

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

आज सकाळी ११ वाजता तुमच्या टोल-फ्री नंबरवरच्या बाईंनी मला सांगितलं की माझी तक्रार 'ग्राहकाचं समाधान झाल्यामुळे' बंद केली आहे. ग्राहक मी आहे. माझं समाधान झालं का, हे मला कोणीही विचारलेलं नाही. अशी बंद झालेली ही तिसरी तक्रार. आता फोन करणार नाही, लिहून देतोय.

इसीएम म्हणजे काय ते तुम्हाला समजावत बसत नाही, गाडी तुम्हीच बनवलेली आहे. माझी पिकअप नोव्हेंबर २०२२ची, वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, आणि १२ ऑगस्टला रात्री साडेदहाला माळशेज घाटात ती बंद पडली तेव्हा मीटरवर ७१,४०० होते. मागे टोमॅटोची ६८ कॅरेट, नारायणगावहून वाशीला निघालेली. चेक लाइट लागला, इंजिनची ओढ गेली, दोन मिनिटांत इंजिन बंद. तुमची मदतीची गाडी पहाटे ५ वाजता आली. वाशीचा बाजार हुकला आणि माल मिळेल त्या भावाने द्यावा लागला. तो माल माझा नव्हता, शेजारच्या दोन शेतकऱ्यांचा होता. त्यांची भरपाई मी खिशातून केली.

१३ ऑगस्टला पुणे-नाशिक महामार्गावरच्या तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जॉबकार्ड झालं. स्कॅनर लावला. रेल प्रेशर सेन्सर, पेडल सेन्सर आणि बूस्ट सेन्सर, तिन्हींचे फॉल्ट कोड एकदम आले. मी तिथेच म्हणालो, तीन सेन्सर एका क्षणी मरत नाहीत, त्यांना ५ व्होल्ट देणारी लाईन कुठेतरी शॉर्ट होऊन बसली असेल, आधी हार्नेस, म्हणजे वायरिंगचा जुडगा, बघा. कोणी बघितला नाही. 'इसीएम गेला' असं लिहिलं आणि पार्ट मागवला. पार्ट यायला २२ दिवस लागले. गणपतीचे बहुतेक दिवस गाडी तुमच्या आवारात आणि १७,८०० रुपयांचा हप्ता माझ्या खात्यातून.

आता २५ ऑगस्टचं सांगतो. बाकी सगळं मी एक वेळ विसरेन, हे विसरणार नाही.

त्या दिवशी मला बोलावून घेतलं आणि काउंटरवर सांगितलं की इसीएममध्ये पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही, ४६,३०० रुपये भरा. काउंटरपुढे पाच-सहा गिऱ्हाइकं होती. माझा दहावीतला मुलगा माझ्या शेजारी उभा होता. मी ॲडव्हायझरला शांतपणे विचारलं, पाणी कुठे गेलंय? तो म्हणाला, "तुम्ही लोक बोनेट उघडून पाइप मारता, दुसरं काय होणार?" मी म्हणालो, मी कधीच तसं केलेलं नाही, पण वाद नको, कपलर (इसीएमला वायरिंग जोडणारा जोड) काढून दाखवा. पिना हिरव्या पडल्या असतील, आत ओल दिसली, तर एक शब्द न बोलता पैसे भरतो. तो म्हणाला, "काका, हे कम्प्युटरचं काम आहे, तुम्हाला दाखवून काय कळणार?" मी सांगितलं की मी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केलाय. त्यावर तो हसला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांकडे बघून हसला आणि म्हणाला, "आयटीआय जुन्या गाड्यांना ठीक आहे. तुम्ही कॅरेट मोजा, गाडीचं आम्ही बघतो." मग कॅशियरला ओरडून सांगितलं, "यांचं पेमेंट आल्याशिवाय गेटपास करू नको."

मी कॅरेटच मोजतो. त्यावर माझं घर चालतं, त्यावर तुमच्या गाडीचा हप्ता जातो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे त्या माणसाला विचारून मला कळवा. घरी येईपर्यंत माझा मुलगा एक शब्द बोलला नाही. आणि कपलर शेवटपर्यंत कोणी उघडून दाखवला नाही. एक फोटोसुद्धा दिला नाही.

४ सप्टेंबरला पैसे भरून, पावतीवर 'निषेध नोंदवून' असं लिहून गाडी घेतली. जुना इसीएम मागितला तर म्हणाले, "तो कंपनीकडे परत जातो." वॉरंटी नाकारून माझ्याकडून पूर्ण पैसे घेतलेत, मग जुना भाग माझा आहे. तो कंपनीकडे कशाला गेला? माझ्या गाडीच्या नावावर वॉरंटीचा क्लेम लावून वर माझ्याकडूनही पैसे घेतले गेले का? तुमच्या सिस्टिममध्ये माझा चेसिस नंबर टाकला की दोन मिनिटांत कळेल. ते आधी बघा.

गाडी बाहेर काढली तीच काळा धूर टाकत. इंजिन खडखड वाजत होतं. ६ तारखेला परत नेली, तर 'चालवून चालवून सेट होईल' असं सांगितलं. १५ सप्टेंबरला, अकराव्या दिवशी, ओतूरजवळ ती पुन्हा बंद पडली. तेच तीन सेन्सर, तेच कोड. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे पुन्हा पाणी गेलं असेल, इसीएम बदलावा लागेल, आधी ४६,३०० जमा करा. म्हणजे महिन्याभरात तिसरा इसीएम.

या वेळी मी गाडी तुमच्याकडे दिली नाही. ओळखीच्या ट्रॅक्टरने टोचन करून नारायणगावच्या वायरमनकडे नेली. त्याने बॅटरी ट्रेखालच्या ब्रॅकेटवर घासलेला हार्नेस पाऊण तासात शोधून काढला. ५ व्होल्टच्या वायरचं आवरण सोलून तांबं उघडं पडलं होतं आणि धक्का बसला की ते बॉडीला टेकत होतं. इसीएम बदलताना तुमच्या माणसांनी हार्नेस हलवला, वायर ब्रॅकेटपासून थोडी सुटली, म्हणून गाडी अकरा दिवस चालली. वायर जोडून, स्लीव्ह घालून, क्लिप मारून त्याने ३५० रुपये घेतले. गाडी सुरू झाली. याचा सरळ अर्थ असा की माझा पहिला इसीएम बहुधा चांगलाच होता. म्हणूनच तो मला परत हवाय.

खरा धक्का पुढे होता. धूर का येतो ते बघायला त्याने स्कॅनर लावला आणि इसीएममधला १७ अक्षरांचा चेसिस नंबर स्क्रीनवर आला. तो माझ्या गाडीचा नाही. आरसी बुक शेजारी धरून मी तीनदा ताडून बघितला. मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेले कोड वाचले, तर इसीएममध्ये भरलेले कोड वेगळेच, म्हणजे डिझेलचं माप चुकणार आणि धूर येणार. कोरा नवा इसीएम असता तर त्यात दुसऱ्या कोणाचा चेसिस नंबर आला कुठून? कोणाच्या तरी गाडीतून काढलेला इसीएम आणून माझ्या गाडीत बसवला, गाडी सुरू व्हावी म्हणून चाव्या तेवढ्या जुळवून घेतल्या, आणि बिलावर 'नवीन' लिहिलं, असं मी म्हणतो. तसं नसेल तर त्या पार्टचा सीरियल नंबर आणि तो तुमच्या गोदामातून कधी निघाला याची नोंद मला पाठवा. स्कॅनरच्या स्क्रीनचे, इंजेक्टरचे आणि घासलेल्या वायरचे फोटो सोबत जोडले आहेत.

मला इलेक्ट्रॉनिक्सचा राग नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम आला, धूर कमी करायचा तर डिझेल किती आणि केव्हा सोडायचं हे इसीएमलाच ठरवावं लागणार, हे मलाही कळतं. पण एवढी नाजूक वस्तू गाडीत घालायची तर ती तपासणारा माणूस स्कॅनरच्या पुढे जाऊन एक वायर हातात धरून बघणारा हवा. माझ्या वडिलांनी तुमच्याच कंपनीचा टेम्पो बावीस वर्षं चालवला. त्या भरवशावर मी दुसरं शोरूम बघितलंसुद्धा नाही. तो भरवसा त्या काउंटरवर गेला.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. ४६,३०० रुपये परत करा. माझा मूळ इसीएम परत द्या, किंवा खरोखर नवा बसवून माझा चेसिस नंबर आणि माझ्या इंजेक्टरचे कोड त्यात लिहून द्या. हार्नेस कंपनीच्या खर्चाने बदला, कारण तो ब्रॅकेट मी बनवलेला नाही. आणि पाणी गेल्याचा पुरावा द्या, नसेल तर 'पुरावा नाही' असं लिहून द्या. कपलर उघडून दाखवा, एवढंच मी पहिल्या दिवशी मागितलं होतं.

आज तुमच्या बाईंनी 'कमर्शियल गाडीवर ग्राहक तक्रार चालत नाही' असंही ऐकवलं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी 'कमर्शियल' वापरात धरत नाहीत, हे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय. मी राहतो त्याच जिल्ह्यात मला तक्रार करता येते. १५ दिवसांत सही-शिक्क्याचं उत्तर आलं नाही तर मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, आणि ज्या गाडीचा चेसिस नंबर माझ्या इसीएममध्ये आहे तिच्या मालकालाही शोधून काढणार. त्याच्याकडून काय सांगून पैसे घेतले गेले, ते त्यालाही कळायला हवं.

गाडी घरापुढे उभी आहे. दुसऱ्याच्या इसीएमवर मी ती माळशेजला घालणार नाही. उत्तर पत्रानेच द्या, फोनवर नको.

पिकअपमालक आणि चालक,
नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे