डब्लिनहून आबांना: आपल्या नळदुर्गचा टेलर साहेब

आबा, नमस्कार. आई, आजी सगळ्यांना पण सांगा. फोनवर टेलर साहेबाचं निम्मंच सांगून झालं आणि रेंज गेली, म्हणून आता सगळं लिहूनच काढतो.

फिलिप मेडोज टेलर. जन्म १८०८, लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी पोरगा मुंबईला एका व्यापाऱ्याकडं कामाला आला, तिथं काही जमेना म्हणून निजामाच्या फौजेत शिरला. १८३९ला ठगांवरची कादंबरी काढली आणि लंडनमध्ये एकदम नाव झालं. पण मला त्याचं मोठं काम वाटतं ते 'तारा', १८६३चं. आबा, ती कादंबरी आपल्या तुळजापुरात सुरू होते! व्यास शास्त्री नावाचा ब्राह्मण, त्याची बालविधवा पोरगी तारा, भवानीचं देऊळ, आणि पुढं शिवाजी महाराज आणि अफझलखान. १८५३ला निजामाकडनं नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडं गेला तेव्हा हाच तिथं साहेब म्हणून आला, चार वर्षं राहिला, म्हणून तर हा मुलूख त्याला एवढा माहीत. बोरी नदीवरचा आपला बंधारा, त्याच्या पोटातला पाणी महाल, सगळ्याचं वर्णन त्यानं आत्मचरित्रात केलंय, मी इथं बसून वाचलं आणि खरंच डोळ्यात पाणी आलं.

१८५७ला त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला धाडलं, फौज द्यायला नाही, जसं जमेल तसं धरून ठेव म्हणाले, आणि त्यानं लोकांच्या विश्वासावर तो भाग शांत ठेवला.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते शोरापूरचं. कर्नाटकातलं बेडर लोकांचं संस्थान, राजा वेंकटप्पा नायक तेव्हा लहान, टेलरनं दहा-बारा वर्षं कारभार बघितला, पोरगा त्याला 'अप्पा' म्हणायचा. १८५३ला राज्य त्याच्या हातात दिलं, आणि १८५८ला त्याच पोरानं इंग्रजांविरुद्ध बंड केलं. पकडला गेल्यावर टेलर त्याला कैदेत भेटायला गेला. राजा म्हणाला मला चोरासारखं फासावर देऊ नका, तोफेच्या तोंडी द्या. फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली, पण तिकडं नेत असताना वाटेतच त्यानं गोळी झाडून घेतली. टेलरचं त्या पोरावर प्रेम होतं हे मला अगदी खरं वाटतं, पण त्याचं राज्य घेणारं सरकार पण टेलरचंच होतं की, आणि वेंकटप्पा जे लढला ते मला चूक वाटत नाही. टेलरनं हे सगळं स्वतःच लिहून ठेवलंय, लपवलं नाही, म्हणून त्याच्याबद्दल मान आहे.

१८६०ला तो परत आला आणि इथं डब्लिनमध्येच हॅरॉल्ड्स क्रॉसला राहिला, नंतरच्या बऱ्याच कादंबऱ्या या गावात बसून लिहिल्या, म्हणजे आपलं तुळजापूर पण इथंच कागदावर उतरलं बघा. शेवटी दृष्टी गेली, १८७६ला फ्रान्समध्ये वारला.

'तारा'ची पीडीएफ दादाच्या फोनवर पाठवलीय. इंग्रजी जुनं आहे, पण दादाला म्हणावं तुळजापूरचा भाग आधी वाच आणि आजीला मराठीत सांग. तिला देवळाचं वर्णन कितपत बरोबर वाटतं ते मला नक्की कळवा.

तुमचा,
बाळू