रिलेची दिशा लोडवर तपासायला शिकवल्याबद्दल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

समांतर फीडरवरच्या डायरेक्शनल अर्थ फॉल्ट रिलेची (करंट जमिनीत जाण्याचा बिघाड ओळखून, त्याची दिशा पाहून ब्रेकर पाडणारं उपकरण) लोड टेस्ट, म्हणजे चालू लोडच्या करंटवर घेतलेली चाचणी, तुम्ही निवृत्तीनंतरही आम्हाला पॅनेलसमोर उभं करून शिकवलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. टेस्टिंग किटने पिकअप (रिले ज्या करंटला चालू होतो ती मर्यादा) येतो, टायमिंग येतं, रिपोर्टवर सह्या होतात. पण सीटीचा (लाइनचा करंट लहान करून रिलेला देणारा ट्रान्सफॉर्मर) स्टार पॉइंट, म्हणजे तिन्ही फेजची टोकं एकत्र जोडायची जागा, उलट्या बाजूला बांधला असेल तर थेट रिलेत करंट सोडणाऱ्या किटला त्याचा पत्ताही लागत नाही.

दोन ३३ केव्ही लाइन उपकेंद्राच्या एकाच बसवर (सामाईक वाहक पट्टीवर) येतात तिथे हे फार महागात पडतं. एका लाइनवर अर्थ फॉल्ट झाला की करंट चांगल्या लाइनने येतो आणि बसवरून बिघडलेल्या लाइनमध्ये शिरतो. दोन्ही इनकमरच्या (लाइन उपकेंद्रात येते तिथल्या पॅनेलच्या) रिलेला तो सारखाच दिसतो, फरक फक्त दिशेचा. सीटीची पोलॅरिटी (जोडणीची दिशा) उलटी असली की चांगली लाइनच ट्रिप होते आणि सगळं उपकेंद्र अंधारात.

नेहमीच्या लोडवर रेसिड्युअल (तिन्ही फेजची बेरीज) व्होल्टेज आणि करंट जवळजवळ शून्य, म्हणून आर, वाय, बी या तीन फेजपैकी आर फेजचा फॉल्ट मुद्दाम भासवायचा, ही तुमची रीत. टेस्टमध्ये खरा ब्रेकर पडू नये म्हणून आधी ट्रिप लिंक आणि ब्रेकर फेल्युअरची (ब्रेकर न पडल्यास इतर ब्रेकर पाडणाऱ्या संरक्षणाची) लिंक काढायची. रिले ३व्ही० (रेसिड्युअल व्होल्टेज) स्वतः मोजत असेल तर पीटीचा (व्होल्टेज लहान करून रिलेला देणारा ट्रान्सफॉर्मर) आर फेजचा एमसीबी, म्हणजे छोटा ब्रेकर, पाडायचा. पण पीटी फेलचं ब्लॉकिंग (पीटीचं व्होल्टेज गेलं की रिलेला थांबवणारी सोय) तात्पुरतं बंद करायचं, नाहीतर रिले दिशा सांगतच नाही. (पहिल्यांदा सगळे इथेच अडतात.) ओपन डेल्टा (पीटीच्या तीन वाइंडिंग मालिकेत जोडून थेट रेसिड्युअल व्होल्टेज देणारी जोडणी) वेगळा आणलेला असेल तर या एमसीबीने काहीच होत नाही. तिथे आर फेजची वाइंडिंग मालिकेतून वगळायची, तिची टोकं शॉर्ट मात्र करायची नाहीत. मग वाय आणि बी फेजच्या सीटी आधी सीटीच्या बाजूने शॉर्ट करायच्या, नंतरच रिलेकडच्या लिंक उघडायच्या. क्रम उलटला तर सीटी ओपन होते आणि जीवावर बेतू शकतं.

४००/१ सीटीवर ८० अँपिअर लोड असेल तर रिलेला ०.२ अँपिअर मिळतात. पिकअप त्याच्या खाली, ०.१ वर आणायचा.

खरी मेख निकाल वाचण्यात, आणि तीच तुम्ही सोडवून दिलीत. इनकमरचा रिले लाइनकडे बघतो, म्हणजे लाइनकडे जाणाऱ्या करंटला ‘फॉरवर्ड’ मानतो, लोड मात्र लाइनकडून बसकडे येतो. तेव्हा स्क्रीनवर ‘रिव्हर्स’ दिसणं हेच बरोबर. ‘फॉरवर्ड’ दिसलं म्हणून खूश होऊ नका, हे तुमचं वाक्य आता आमच्या टेस्ट शीटच्या डोक्यावर लिहिलंय. रिलेचा दिशा ठरवणारा कोन −४५ अंश ठेवलेला असताना साधारण ०.८५ लॅगिंग (करंट व्होल्टेजच्या मागे) पॉवर फॅक्टरवर निकाल निर्विवाद येतो. रात्री लोड उतरलेला आणि कपॅसिटर बँक चालू असेल, तर करंट व्होल्टेजच्या ४५ अंशांहून जास्त पुढे (लीड) जाऊन निकाल फिरू शकतो. त्यामुळे बँक काढूनच ही टेस्ट घेतो.

परत जोडताना आधी रिलेकडच्या लिंक, मग शॉर्टिंग काढणं. पिकअप आणि ब्लॉकिंग मूळ सेटिंगवर. न्यूट्रलचा करंट शून्याजवळ आल्याची नोंद. ट्रिप लिंक सर्वांत शेवटी.

आपले नम्र,
टेस्टिंग विभागातील सहकारी