स्विमिंग पूल कधी बांधायचा हे मे महिन्यातली विहीर बघून ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऊन तापायला लागलं की पेपरात बंगल्यामागे स्विमिंग पूल बांधून देणाऱ्यांच्या जाहिराती यायला लागतात, त्यावरून हे पत्र लिहितोय. मी अलिबाग तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावात राहतो. 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, मुंबईची गाडी थेट बोटीतून इकडे यायला लागली आणि तेव्हापासून आमच्याकडे बंगले आणि बंगल्यामागचे पूल दोन्ही वाढत चाललेत. माझा पुलाला विरोध अजिबात नाही, स्वतःची जागा, स्वतःचा पैसा, मुलांना पोहायला मिळतं, चांगलंच आहे. माझं म्हणणं फक्त तो कधी बांधायचा याबद्दल आहे.

बहुतेक लोक मार्चमध्ये ठरवतात, कारण सुट्टी जवळ आलेली असते आणि काँट्रॅक्टर पण म्हणतो मेपर्यंत देतो करून. म्हणजे काँक्रीट पडणार ऐन एप्रिलच्या उन्हात, त्याला रोज पाणी मारायचं, आणि सगळं झालं की मेमध्ये पूल भरायचा. साधा 8 मीटर बाय 4 मीटरचा, सरासरी 1.4 मीटर खोल पूल धरला तरी 45 हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर. शिवाय उन्हाळ्यात रोज 6 मिलिमीटर पाणी उडून गेलं धरा, तरी दिवसाला दोनेकशे लिटर नुसती वाफ, फिल्टर धुवायचं पाणी वेगळंच. आणि हे सगळं नेमकं त्याच महिन्यात जेव्हा गावात नळाला पाणी आलं का म्हणून लोक एकमेकांना विचारत असतात.

मग बोअरचा पंप चालू होतो. किनाऱ्यावर जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, वरून जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं आणि गोड्याची पातळी जेवढी खाली जाते त्याच्या कितीतरी पट ते वर सरकतं. नुकसान पूलवाल्या एकट्याचं होत नाही, शेजारच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, मग नारळ-पोफळीचं काय होणार ते इकडच्या माणसाला सांगायला नको. एकदा खारावलेली विहीर एका पावसात सुधारत पण नाही.

म्हणून जागा घेतल्यावर एक मे महिना जाऊ द्या, विहिरीत दोरी सोडून बघा किती पाणी उरलंय, चाखून बघा, शेजाऱ्यांना विचारा. पाणी तळाला गेलेलं असेल किंवा मचूळ लागत असेल तर विहिरीच्या भरवशावर पूल नकोच. ठीक असेल तर परवानग्यांचं काम पावसाळ्यातच उरकून घ्या, कारण भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असाल तर सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) लागतो आणि भूजल उपशावर पण बंधनं आहेत. खोदकाम डिसेंबरात काढा. पाऊस संपल्या संपल्या ऑक्टोबरात खोदलं तर खड्ड्यात पाणी पाझरत राहतं आणि डिझेल पंप लावून बसावं लागतं. थंडीत काँक्रीटला पाणी कमी लागतं, लीकेज टेस्टिंग फेब्रुवारीत विहिरीत पाणी असताना होतं, आणि तेव्हा पाण्यात क्लोरीन नसतं म्हणून ते पाणी नंतर झाडांना सोडता येतं. त्या दिवसांत शेजारी भातानंतर पांढरा कांदा केलेला असतो, त्याला पण पाणी लागतं, तेव्हा त्यांच्याशी बोलून उपसा करा एवढं तरी करायलाच पाहिजे.

मेपर्यंत टाईल्स लावून पूल तयार ठेवा आणि भरायचा पावसाने. आमच्याकडे पावसाळ्यात 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, 100 चौरस मीटर छपरावरचं पाणी पन्हळीतून फिल्टर करून घेतलं आणि बरंच वाया गेलं धरलं तरी दीड लाख लिटर मिळतं, म्हणजे आधी सांगितलेला 45 हजार लिटरचा पूल तीनदा भरेल. शिवाय पावसाळ्यात पूल रिकामा ठेवणं धोक्याचं असतं, जमिनीतलं पाणी वर चढलं की रिकाम्या टाकीला खालून रेटतं, ती उचलली जाते, तडे जातात. म्हणजे भरायची खरी गरज पण जूनमध्येच असते! पहिला उन्हाळा पोहायचा राहील हे मान्य आहे, पण पुढच्या उन्हाळ्यात बरंचसं पाणी तेच चालतं, रात्री कव्हर टाकलं की वाफ पण बरीच कमी होते.

घरात अगदी लहान पोरं असतील तर कुंपण आणि आपोआप बंद होणारं गेट झाल्याशिवाय पाणी भरूच नका, त्यात तडजोड नको.

तुम्हाला विनंती आहे की पुरवणीत पुलांवर लेख छापाल तेव्हा रंग, टाईल्स आणि खर्चाबरोबर किती लिटर पाणी लागतं, ते कुठून येणार आणि कुठल्या महिन्यात भरायचं हे पण छापा. लोक तुमची पुरवणी बघूनच काँट्रॅक्टरला फोन करतात.

आपला,
एक वाचक, अलिबाग तालुका