गोलबॉलच्या रेघा आखणाऱ्या हातांचे आभार

सार्वजनिक हॉल आमच्या नावाने मंजूर होता. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पोचलो, तर त्याच वेळेचं बॅडमिंटनचंही बुकिंग निघालं. खासगी हॉल घ्यायचा तर हातात पैसे नव्हते. आमचं अनुदान आधी खर्च करा, मग पावत्या दाखवा, या पद्धतीचं. छोट्या मंडळाने आधीचे पैसे आणायचे कुठून, ते सोडाच.

बॅडमिंटनवाल्यांनी कुरकुर न करता आपली वेळ पुढे ढकलली. त्यांचे आभार. आणि हॉलच्या रखवालदारकाकांचे तर किती मानावेत! गोलबॉल हा अंधांचा खेळ. सगळे खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधून, १.२५ किलोच्या चेंडूतल्या घुंगरांच्या आवाजावर खेळतात. १८ बाय ९ मीटरच्या मैदानाच्या रेघा चाचपून कळाव्यात म्हणून चिकटपट्टीखाली दोरी घालावी लागते. काका हे ऐकून सरळ गुडघ्यांवर बसले आणि आमच्याबरोबर दोरी ताणू लागले. एकेक रेघ झाली की डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवायचे. दोरी सरकलेली लागली की पट्टी उचकटून पुन्हा लावायला लावायचे. सामन्यात पंख्यांच्या घरघरीत घुंगरू ऐकू येईनात, तेव्हा कुणी न सांगता त्यांनी पंखे बंद केले. प्रेक्षक घामाघूम, खेळाडू खूश!

क्रीडा कार्यालयातल्या ज्या ताईंनी आमच्या अनुदानाची अडकलेली फाईल शोधून काढली आणि कोणती पावती कुठल्या सदरात लावायची ते पेन्सिलने खुणा करून दाखवलं, त्यांचेही मनापासून आभार. हप्ता जमा झालाय. आधी चेंडूंची उधारी फेडतोय.