अकरा महिन्यांचं कंत्राट, सहा वर्षांची पीएचडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सार्वजनिक आरोग्यातल्या डॉक्टरेटवरचा लेख वाचला. पदव्यांची यादी, फीचे आकडे, परदेशी विद्यापीठांचे फोटो, सगळं होतं. नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली : ‘अर्धवेळ पीएचडीचीही सोय आहे.’ त्या ओळीपायी हे पत्र.

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर. पुढे एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) केलं आणि सात वर्षं कंत्राटावर एपिडेमिऑलॉजिस्ट म्हणून काम करते. सासूबाई शेजारी सांगताना ‘ती साथींचं बघते’ म्हणतात. याहून चांगलं भाषांतर मला अजून सुचलेलं नाही.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम, नसांवर आघात करणारा आजार) रुग्ण निघू लागले, तेव्हा आम्ही नांदेड, किरकटवाडी, धायरीत दारोदार फिरत होतो. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. माझ्या हातातल्या फॉर्मवर ‘पाण्याचा स्रोत’ यापुढे एकच चौकट होती. घरात मात्र तीन पाणी : नळाचं, टँकरचं आणि वीस लिटरच्या जारचं. प्यायला जार, भाजी धुवायला नळ, नळ गेला की टँकर. कामाला येणाऱ्या मावशी कोणतं पाणी पितात, हे विचारल्यावर दोन घरांत माझ्याकडे चमकून पाहिलं गेलं. एका घरातलं पाणी किती वाटांनी येतं आणि त्यातलं कोणाच्या पोटात कोणतं जातं, या प्रश्नावर मला पीएचडी करायची आहे. नावापुढे ‘डॉ.’ आधीपासूनच आहे, त्याची हौस नाही.

आता वाटा कोणत्या? पीएसएममधली (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजे रोगप्रतिबंध आणि समाजाचं आरोग्य) एमडी एमबीबीएसवाल्यांसाठी, नीट-पीजीतून, तीन वर्षांची. ती आम्हाला बंद. आयुर्वेदातली स्वस्थवृत्ताची (निरोगी राहण्याच्या शास्त्राची) एमडी आहे, नातेवाईक दर दिवाळीला सुचवतात, पण माझा प्रश्न तिथला नाही. (शिवाय एमडी ही स्पेशालिस्टची पदवी, संशोधनाची नव्हे. आपल्या लेखात दोन्ही एकाच तक्त्यात बसवल्या आहेत.) परदेशात डीआरपीएच (डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ) नावाची पदवी आहे. हार्वर्डने ती २०१४ मध्ये नव्या रूपात सुरू केली, लंडन स्कूल ऑफ हायजीनमध्येही आहे. पीएचडीतून प्रामुख्याने संशोधक घडतो. डीआरपीएच ही आरोग्यसेवा चालवणाऱ्यांसाठी, अनेकदा नोकरीतल्या अनुभवी माणसांसाठी. खरं तर ती माझ्यासारख्यांच्या मापाची. पण दोन मुलं, गृहकर्ज आणि डॉलरमधली फी एका वहीत मांडली की वही मिटावी लागते.

राहिली पीएचडी. पुण्यात राहून ती करावी असं वाटण्याजोगं इथे खूप आहे. १९५२ पासूनची विषाणू संस्था आहे, विद्यापीठाचा आरोग्यशास्त्र विभाग आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला आणि दिसायला किरकोळ पण चरबीने भरलेलं भारतीय बाळ जगासमोर आणलं. त्यातली मुलं आता तिशीत आहेत. एकाच गावात, त्याच घरांत वर्षानुवर्षं परत जाण्याने काय हाती लागतं ते यातून कळतं. आम्ही त्याच घरांत परत जातोच, फक्त त्याला संशोधन म्हणत नाहीत.

युजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडी बसते, इथवर आपला लेख बरोबर आहे. पुढचं त्यात आलेलं नाही. नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात : उमेदवाराला अर्धवेळ शिकण्याची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी त्याला मोकळं केलं जाईल. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं.

हे पत्र मागायला मी गेले, तेव्हा आमच्या कार्यालयातल्या लेखनिकांनी फाइल उघडून शांतपणे विचारलं, “मॅडम, तुमचं कंत्राट अकरा महिन्यांचं. पीएचडी किमान तीन वर्षांची, कमाल सहा. बाराव्या महिन्यात तुम्ही इथे असाल की नाही हे मला माहीत नाही, साहेबांनाही नाही. मोकळं करू म्हणून कोणी लिहून द्यायचं?” मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही, कारण त्यांचं चूक नव्हतं. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कायम नोकरीतला माणूस होता. बायकांना नियमाने आणखी दोन वर्षं वाढवून मिळतात. छान आहे. सही झाली की वापरेन.

पूर्णवेळ का नाही, असं कोणी विचारेल. जेआरएफ (संशोधकांना मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, ते वाईट नाहीत. त्यासाठीच्या नेट परीक्षेत ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ असा स्वतंत्र विषय आहे. तो आहे हेच अनेक एमपीएचवाल्यांना ठाऊक नसतं, लेखात दोन ओळी तेवढ्या तरी हव्या होत्या. पण पूर्णवेळ व्हायचं म्हणजे हे काम सोडायचं, आणि प्रश्न तर या कामातूनच आला आहे. पुढची साथ आली की फॉर्म घेऊन दारात कोण उभं राहणार? आणि ते दार पुन्हा उघडेल का?

म्हणून आरोग्य खात्याकडे एकच मागणी आहे. कंत्राटी माणसासाठी ना-हरकत पत्र ज्या कार्यक्रमात तो काम करतो त्या कार्यक्रमाच्या नावाने द्यावं आणि कंत्राटाबरोबर आपोआप पुढे चालू ठेवावं. विषय त्याच कार्यक्रमातला असावा, अशी अट हवी तर घालावी. आमची तक्रार नाही. सार्वजनिक आरोग्याचं वेगळं केडर असावं असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं आहे. ते येईल तेव्हा येईल, हे ना-हरकत पत्र एका परिपत्रकाचं काम आहे.

माझं कंत्राट या महिनाअखेर संपतं. एक दिवसाचा खंड पडेल, मग नवं सुरू होईल. त्या पहिल्या दिवशी पुन्हा अर्ज देणार आहे, तेव्हा निदान पूर्ण अकरा महिने शिल्लक असतील.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे