किल्ल्या हातात आल्या

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर दोनदा सांगायला गेले, पण जीभ रेटली नाही. इंग्लंडमधल्या लडलो गावाजवळच्या त्या जुन्या पबच्या कागदांवर सह्या झाल्या, किल्ल्या परवा हातात आल्या. आणि या दिवाळीला मला येता येणार नाही. बाबा, पत्र खाली ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा.

आबांची माळ सही करतानाही डोळ्यांसमोर होती. पण इथल्या खेड्यात पब म्हणजे आपला देवळापुढचा पार. तो बंद पडला की म्हाताऱ्यांना बसायला जागाच उरत नाही. आणि माझा भर स्वयंपाकघरावर राहणार आहे.

हे घर तुम्ही पाच मिनिटांत ओळखाल, बाबा. ओकचा सांगाडा आणि मधे चक्क कुडाच्या भिंती. उभ्या काठ्यांत हेझलच्या फांद्या विणायच्या, त्यावर माती, शेण नि पेंढा लिंपायचा, वरून चुना. पुढे कुणीतरी बाहेरचे कूड काढून विटा आणि सिमेंट भरलं. लाकूड ओल्या-सुक्या हवेत फुगतं, आकसतं. सिमेंट जागचं हलत नाही. दोघांत केसाएवढी फट पडते, तिच्यातून पाऊस आत शिरतो आणि सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. वाड्याच्या मागच्या भिंतीचं झालं तेच. पश्चिमेच्या कोपऱ्यात तळाच्या तुळईत स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. ओल २८ टक्के. २० च्या वर गेली की बुरशी धरते. वरचे खांब मात्र ठोकले की खणखणीत वाजतात. म्हणून टेकूंवर भार घेऊन कुजलेला मीटरभर भाग कापायचा आणि ओकचाच जोड द्यायचा. अख्खी तुळई बदलायची नाही.

घर ग्रेड टू यादीतलं, म्हणजे सरकारने जपायला नोंदवलेल्या जुन्या वास्तूंपैकी आहे, परवानगीवाचून असं काम केलं तर तो गुन्हा ठरतो. अर्ज गेला आहे.

दिवाळीचं अडलं ते छपरापायी. आढ्याखाली वटवाघळांची वीण आहे आणि त्यांना कायद्याचं संरक्षण. पिल्लं उडायला लागल्यावर, थंडी पडायच्या आत, सप्टेंबर-ऑक्टोबरातच कौलं काढता येतात. ते चुकलं तर वर्ष गेलं. आधी छप्पर, मग पन्हळी, मग भिंतीलगत साचलेली माती खणून जमीन आतल्या फरशीच्या १५० मिलिमीटर खाली न्यायची. चुन्याला वसंतापर्यंत हात लावायचा नाही. पारा ५ अंशांच्या खाली गेला की तो धरत नाही, ओल्यात गोठला तर पापुद्रे सुटतात. तुमची घाई मला ठाऊक आहे, पण इथे घाई केली की दोनदा खर्च.

तळघर मात्र कोरडं आहे आणि वर्षभर १२ अंशांच्या आसपास राहतं. बिअरला तेच लागतं. पिंप ७२ पाइंटचं, म्हणजे साधारण ४१ लिटरचं. एकदा उघडलं की तीन दिवसांत संपायला हवं, म्हणून सुरुवातीला एकच ठेवीन. हा पब कुठल्या ब्रुअरीशी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीशी, कराराने बांधील नाही, त्यामुळे माल कुठूनही घेता येतो.

आई, तुम्ही मे महिन्यात या. तुमची खोली मागच्या अंगणाकडे, बारपासून लांब. दार वेगळं, चूल वेगळी, देव्हाऱ्याला पूर्वेचा कोनाडा. न्हाणीत बादली-तांब्या असेल, धरायला दांडी लावते आहे, गरम पाणी चोवीस तास. जिना वाकडा आहे, म्हणून तुम्हाला वर झोपवणारच नाही. रात्री पाय दाबून देईन, तू परीक्षेच्या दिवसांत माझे दाबायचीस तसे.

आता ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळी आठलाच, चहानंतर विसरायची नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका, मी त्या दिवशी फोन करीन. आई, फराळाचं पार्सल पाठवू नकोस, पाठवलंसच तर भाजणी पाठव. दिवाळीला आकाशकंदील लावायला शेजारच्या पोराला बोलवा. शिडीवर बाबांनी चढायचं नाही. टाकीचं झाकणही बघायचं नाही.

तुमची,
चिमी